नातवंडांसाठी खेळाची वाकळ



आपल्या भागातली कितीतरी घरे आता दोन ठिकाणी नांदतात. शेती गावाकडे आणि मुलगा-सून किंवा लेक-जावई नवी मुंबईला. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे नवे शहर वसले. पुढे मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले आणि सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतली माथाडी कुटुंबेही त्या बाजूला स्थिरावली. साखरेचा घाऊक व्यापारही तिथेच चालतो. तेव्हा वाशी आपल्याला काही परकी नाही.

तिकडच्या घरात तान्हे मूल आले की पहिली अडचण जमिनीची. गुळगुळीत फरशी, ती पावसाळ्यात ओलसर आणि पडले की लागणारी. मूल मग दिवसभर कडेवर, नाहीतर पलंगावर. बाजारात खेळाच्या रंगीत गाद्या मिळतात. पण आपल्या घरी जुनी लुगडी आहेत, सुई-दोरा आहे आणि वाकळ शिवणारे हातही आहेत. त्याच वाकळीला थोडे वळण दिले की मुलाची पहिली शाळा तयार होते.

जमीन कशासाठी?

मूल पालथे पडते, मान उचलते, हातावर रेटा देते, त्यातूनच पुढे रांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी, थोडे थोडे करून, दिवसातून निदान अर्धा तास पालथे ठेवावे. वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा, म्हणजे टीव्ही-मोबाईल, मुळीच दाखवू नये, असेही त्यात आहे. आता मोबाईल काढून घ्यायचा तर हाताला दुसरे काहीतरी द्यायला हवे. ते काम ही वाकळ करते.

कापडाची निवड

सव्वा मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढी वाकळ पुरे. एका नऊवारीतून फाटका भाग वगळला तरी चार-पाच थर निघतात. कापड सुतीच घ्यावे. कापड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी ओढावे. विरलेले असेल ते आतल्या थराला, घट्ट असेल ते वरखाली. मूल वाकळ चोखणारच, म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून पाहावा. रंग उतरला तर ते कापड वापरू नये. नवे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे.

थर पाच-सहाच्या वर नकोत आणि आत कापूस किंवा स्पंज भरू नये. गावाकडे वाकळ उन्हात एका दिवसात खडखडीत होते. नवी मुंबईच्या पावसाळ्यात ती गॅलरीत दोन-दोन दिवस दमट राहते आणि कुबट वास धरते. एक जाड करण्यापेक्षा दोन पातळ बऱ्या.

शिवण्याचा क्रम

१) चित्रे आधी फक्त वरच्या कापडावर शिवावीत. म्हणजे गाठी आत दडतात.

२) मग थर जमिनीवर ताणून पसरावेत. मधून कडेकडे कच्चे टाके घालावेत, त्यामुळे चुण्या पडत नाहीत.

३) कडा आत दुमडून गोट मारावा. नंतर धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर घालाव्यात. लांब टाका दिसायला झपझप. पण मुलाचे बोट त्यात अडकते. टाका बारीकच हवा.

४) शेवटी कच्चे टाके उसवावेत आणि सुया-टाचण्या मोजाव्यात. बसताना पाच होत्या तर उठताना पाचच भरल्या पाहिजेत.

वर काय लावावे?

अगदी तान्ह्याला ठळक दिसते तेवढेच कळते. एका कोपऱ्यात काळे-पांढरे पट्टे द्यावेत. सहा महिन्यांनंतर हाताला वेगवेगळे लागेल असे तुकडे: खण, खादी, मखमल, टॉवेल. वर्षानंतर उघडझाप: गोठ्याचे दार उचलले की आत गाय, पाचट बाजूला केले की उसाची कांडी, खिशात हात घातला की कापडी बैल. ज्या मुलाने ऊस फक्त रसवंतीत पाहिला, त्याला आजीच्या वाकळीवर फड दिसेल. बैलाला नाव द्या, गोष्ट सांगा. मूल शब्द असेच उचलते.

हे मात्र टाळावे

मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू, बटणे नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात मावेल अशी सुटणारी कोणतीही वस्तू घशात अडकू शकते. आत शेंगा, धान्य किंवा चिंचोके भरू नयेत. नाडी चार बोटांपेक्षा लांब ठेवू नये. लावलेला प्रत्येक तुकडा दोन बोटांत धरून जोरात ओढून पाहावा. आपल्या हाताने निघाला तर मुलाच्या दातानेही निघेल. दर धुण्यानंतर हीच परीक्षा पुन्हा.

वाकळ फरशीवर सरकते. मूल उभे राहू लागले की खाली गालिच्याखालची रबरी जाळी घालावी.

सर्वांत महत्त्वाचे: ही वाकळ जागेपणी, कोणीतरी समोर असताना खेळायची. बाळाला डोळा लागला की उचलावे आणि सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ मऊ कापड, उशी किंवा पांघरूण राहिले तर श्वास कोंडू शकतो. पालथे ठेवायचे ते फक्त खेळताना.

एक आणखी शिवा

गळिताचा हंगाम सुरू झाला, की ऊसतोडणी मजुरांची लहान मुले फडाच्या बांधावर पाचटात बसलेली आपण रोज पाहतो. आपला ऊस वेळेवर गाळपाला जातो तो त्यांच्या आईबापांच्या कोयत्यावर. घरात लुगड्यांची चळत काढलीच आहे, तर एक वाकळ नवी मुंबईच्या नातवाला आणि एक आपल्या फडातल्या टोळीच्या मुलांना, एवढे कोणत्याही घराला जड नाही. कापड जुनेच आहे. लागतो तो चार दुपारचा वेळ. पहिली मोळी पडण्याआधी दोन्ही वाकळी तयार व्हाव्यात, अशी आमची सर्व भगिनींना आग्रहाची विनंती आहे.