परसातलं गांधीलमाशीचं पोळं : जाळायचं, काढायचं की राहू द्यायचं?



पावसाळा सुरू झाला की आमच्या कारंज्यात वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, माह्या घरी गांधीलमाशीचं पोयं हाये!" कुणाच्या परसातल्या लिंबाच्या झाडावर, कुणाच्या न्हाणीघराच्या पत्र्याखाली, तर कुणाच्या गोठ्याच्या वाशाला. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रात्री टेंभा लावून जाळून टाका. दुसरा म्हणतो, राहू द्या, ती आपलं काय घेते? लहान मुलं दिवसभर जिथं खेळतात तिथला हा प्रश्न असल्यामुळे तो अंदाजावर सोडून चालत नाही. परिसर अभ्यासाच्या तासालाही हा विषय छान घेता येतो. म्हणून आजचा हा पाठ.

१) आधी ओळख पटवा

आपण सगळ्यांनाच 'माशी' म्हणतो, पण यात चार वेगळे प्रकार येतात.

गांधीलमाशी : कंबर अगदी बारीक, अंग गुळगुळीत, रंग पिवळसर-तांबूस. पोळं कागदासारखं, करड्या रंगाचं, खाली तोंड असलेल्या उघड्या कप्प्यांचं आणि एका बारीक देठावर लटकलेलं. आकार साधारण तळहाताएवढा, कधी बशीएवढा.

आग्या मोहोळ : ही मधमाशी. उंच झाडाला किंवा इमारतीला एकच मोठं, मेणाचं पोळं लटकतं आणि त्यावर माश्यांचा काळसर थर असतो. याच्या जवळपासही जाऊ नये.

कुंभारीण माशी : भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत मातीचं छोटं घर करते. ही एकटी राहते आणि सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

मोठी गांधीलमाशी : आकाराने बरीच मोठी, तांबूस अंगावर पिवळा पट्टा. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीत मोठी वसाहत करते. ही सर्वांत त्रासदायक, इथे घरगुती प्रयोग नकोत.

'अंगावर गांधी उठल्या' हे तर मुलांना माहीत असतंच. माशीच्या नावाशी असलेलं साम्य त्यांना लगेच सापडतं.

२) कागदाचा कारखाना

गांधीलमाशी जुन्या लाकडाचा, वाळक्या काडीचा पृष्ठभाग जबड्याने खरवडते, त्यात लाळ मिसळून लगदा करते आणि तो पातळ पसरते. वाळला की कागद तयार! फ्रान्समधले निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये हेच दाखवून दिलं. तेव्हा युरोपात कागद जुन्या चिंध्यांपासून बनत असे. लाकडापासूनही कागद होऊ शकतो, हे ही माशी सांगते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज आपल्या वह्यांचा बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचाच असतो.

हा धागा कारंज्याच्या मुलांना जवळचा वाटतो. इथल्या जैन ग्रंथभांडारांत जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेल्या अपभ्रंश ग्रंथांमुळे अभ्यासकांत कारंज्याचं नाव झालं. कागद ही किती जपायची वस्तू होती, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण नाही.

पोळ्याचा देठ बारीक का? मुंग्यांना आत शिरायला एकच अरुंद वाट राहावी म्हणून. अनेक जाती त्या देठाला मुंग्यांना नकोसा वाटणारा स्रावही लावतात.

३) पोळ्यातलं घर-संसार

दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या 'रोपालिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की या पोळ्यातली राणी शांत असते, दमदाटी करत नाही. राणी नाहीशी झाली की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, पुढे राणी बनते आणि पुन्हा शांत होते. कामंही वयाप्रमाणे वाटलेली असतात. लहान वयाच्या माश्या घरात राहून पिलांना भरवतात, मोठ्या झाल्या की बाहेरून लगदा आणि अन्न आणतात.

हे अन्न म्हणजे मुख्यतः अळ्या. कपाशी, तूर, सोयाबीन ही आपल्याकडची पिकं, आणि त्यांच्या पानांवरच्या अळ्या ही माशी चावून पिलांना भरवते. बोंडाच्या आत बसलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत मात्र तिला पोचता येत नाही. म्हणजे ती फवारणीला पर्याय नाही, पण शेतकऱ्याची शत्रूही नाही.

४) काढायचं की राहू द्यायचं?

तीन प्रश्न विचारा.

- पोळं मुलांच्या हाताच्या, चेंडूच्या किंवा दगडाच्या टप्प्यात आहे का?
- ते रोजच्या वाटेवर, दारावर, नळाजवळ किंवा संडासाजवळ आहे का?
- घरात कुणाला डंखाची अॅलर्जी आहे का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर राहू द्या. मुलांना ती जागा दाखवून ठेवा आणि खडूने किंवा दोरीने हद्द आखा. एकाचं जरी उत्तर 'हो' असेल तर काढणंच योग्य. मुलाच्या जिवापुढे पोळ्याचं कौतुक नको.

५) काढायचं ठरलंच तर

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे सुरुवातीची. रुपयाएवढं पोळं आणि एक-दोन माश्या असताना, त्या बाहेर गेल्या की मोठ्या माणसाने लांब काठीने ते पाडावं आणि देठाची जागा घासून पुसावी. नाहीतर त्याच जागी पुन्हा बांधकाम सुरू होतं.

पोळं मोठं झालं असेल तर हे काम करणाऱ्या माहीतगार माणसाला बोलवा, नाहीतर नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडे विचारणा करा. काम अंधार पडल्यावरच करावं, कारण तेव्हा माश्या घरात असतात आणि कमी उडतात. पूर्ण अंग झाकलेलं हवं. मुलं, म्हातारी माणसं घरात आणि गुरं दूर.

हे मात्र मुळीच करू नका : रॉकेल-पेट्रोल टाकून जाळणं (कडबा, पत्रा, वायर, सगळंच पेट घेतं), शिडीवर चढून झाडूने मारणं (डंखापेक्षा पडल्याने जास्त लागतं), दिवसा दगड मारणं. माशी चिरडली की तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या खवळतात, म्हणून एक मारली की दहा येतात.

६) डंख झाला तर

- तिथून लगेच दूर व्हा. हात झटकत उभं राहू नका.
- मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच काढायचा. गांधीलमाशीचा सहसा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.
- जागा साबण-पाण्याने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पट्टी ठेवा. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढा.
- लोखंड घासणं, चुना, माती लावणं टाळा. जखमेत घाण जाते.

ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगभर गांधी उठल्या, उलटी किंवा चक्कर आली, तोंडात-घशात डंख झाला किंवा एकाच वेळी बरेच डंख झाले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून ताबडतोब १०८ वर फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. इथे अर्धा तास 'पाहू' म्हणून घालवणं महागात पडतं.

७) वर्गात कसं घ्याल?

कृती १ : एका नाण्याभोवती तशीच नाणी चिकटवून ठेवायला सांगा. बरोबर सहाच बसतात! मधल्या रिकाम्या जागा दाखवा. मग षटकोनी कागद जोडायला द्या. जागा वाया जात नाही. कप्पे षटकोनी का, हे मुलंच सांगतात.

कृती २ : जुनं वर्तमानपत्र भिजवून, कुटून, थोडी भाताची पेज घालून चाळणीवर पसरवा. दोन दिवसांत वर्गाचा स्वतःचा कागद.

कृती ३ : कुंभारीण माशीची गोष्ट. अळी सतत भृंगीचं चिंतन करते आणि स्वतःच भृंगी होते, हा दृष्टांत कीर्तनात मुलांनी ऐकलेला असतो. प्रत्यक्षात माशी डंखाने निपचित केलेली अळी मातीच्या घरात ठेवते, अंडं घालते, आणि पिलू ती अळी खाऊन मोठं होतं. आत गेली अळी, बाहेर आली माशी! जुन्या लोकांचं निरीक्षण खरं होतं, कारण पुढे सापडलं. दृष्टांताचा मान राखूनही हे सांगता येतं.

थोडक्यात, मुलांना 'भिऊ नका' असंही सांगू नका आणि 'दिसली की मारा' असंही नको. 'आधी ओळखा, अंतर ठेवा, मोठ्यांना सांगा' ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा आणि रोजच्या परिपाठात आठवडाभर म्हणून घ्या. आपल्या शाळेच्या पत्र्याखाली, पाण्याच्या टाकीमागे आणि स्वच्छतागृहात एक चक्कर मात्र या आठवड्यातच मारून या.