सवय मुरायला वेळ द्या

रक्ताचा रिपोर्ट हातात आला, साखर वाढलेली दिसली, की निश्चय होतो: उद्यापासून गोड बंद, पहाटे पाचला उठून तासभर चालायचं, रात्री फक्त सूप. पंधरा दिवसांत घरी पाहुणे येतात किंवा ताप येतो आणि सगळंच एकदम सुटतं. मग रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, माझ्यात चिकाटीच नाही." मला हे पटत नाही. एकाच दिवशी तीन सवयी बदलणं कुणालाही जड जाईल.

'२१ दिवसांत सवय लागते' असं आपण सतत ऐकतो. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवस लागतात. 'किमान' हा शब्द पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा अंदाज निघाला. मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

म्हणून एकच बदल निवडा आणि तो रोज न चुकता होणाऱ्या कामाला जोडा. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, की चपला घालून दहा मिनिटं चालून या. घड्याळ पाहायला नको. ओटा आवरणं हीच आठवण. पाऊस असेल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर कमी चढते. महिनाभरानं पाच मिनिटं वाढवा.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, पापड-लोणच्यासकट. हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला तीच चव पुरते. मात्र ते सगळ्या घरासाठी कमी करा. एकट्यासाठी वेगळी भाजी फार दिवस कुणी करत नाही, आणि त्या घरच्या बाईवर तो भार टाकूही नये.

इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.