पत्ता टाकणे आणि तो लागू होणे : ‘मॅजिक’ खेळातील क्रमाचे नियम

मेंढीकोट, पाच-तीन-दोन किंवा रमी खेळत वाढलेल्या खेळाडूला खाली पडलेला पत्ता त्याच क्षणी लागू होतो, हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्याला तो नियम वाटतच नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही, जिथे 120 पत्ते दहा अवतारांच्या दहा रंगांत विभागलेले असतात आणि दिवसा रामाच्या, तर रात्री कृष्णाच्या रंगाने डाव सुरू होतो, समोरच्याने टाकलेला पत्ताच रद्द करण्याची मुभा कोणाला नसते. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेल्या आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने 1993 साली बाजारात आणलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात मात्र पत्ता टाकणे आणि तो लागू होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. नवखे खेळाडू जिंकता येणारे डाव गमावतात ते बहुधा या दोन घटनांमधले अंतर ध्यानात न आल्यामुळे.

या खेळात खेळाडू भूमीच्या पत्त्यांतून ‘माना’ नावाची शक्ती मिळवतो आणि ती खर्चून मंत्र टाकतो. मंत्र टाकताना तो जाहीर करावा लागतो, तो कोणावर चालवायचा ते लक्ष्य तेव्हाच सांगावे लागते आणि त्याची किंमतही तेव्हाच चुकती करावी लागते. इतके झाल्यावर मंत्र लागू न होता ‘स्टॅक’ नावाच्या प्रतीक्षेच्या जागी जाऊन बसतो. कडब्याच्या गंजीतून शेवटी रचलेली पेंढी आधी काढली जाते, तसा स्टॅकवर सर्वांत शेवटी आलेला मंत्र सर्वांत आधी लागू होतो. वाट पाहणारा मंत्र ‘काउंटरस्पेल’सारख्या पत्त्याने रद्द झाला, तर भरलेली किंमत परत मिळत नाही. भूमी मांडणे आणि तिच्यातून माना काढणे या क्रिया स्टॅकवर जात नाहीत, म्हणून त्यांना उत्तरही देता येत नाही.

या क्रमाचे मोल एका उदाहरणातून पुरते कळते. ‘ग्रिझली बेअर्स’ हा 2 बळाचा आणि 2 सहनशक्तीचा प्राणी पटावर आहे, प्रतिस्पर्ध्याजवळ 3 इजा करणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ आहे आणि प्राण्याच्या मालकाजवळ त्या फेरीपुरते बळ व सहनशक्ती प्रत्येकी 3 ने वाढवणारा ‘जायंट ग्रोथ’ आहे, असे समजू. प्रतिस्पर्ध्याने आधी बोल्ट टाकला आणि मालकाने उत्तरादाखल ग्रोथ टाकला, तर ग्रोथ आधी लागू होऊन प्राणी 5 बळाचा व 5 सहनशक्तीचा होतो आणि मागून आलेली 3 ची इजा सोसून तो जगतो. पण मालकाने उतावळेपणाने ग्रोथ आधी टाकला आणि त्यावर उत्तर म्हणून बोल्ट आला, तर बोल्ट आधी लागू होतो, प्राणी मरतो आणि ग्रोथला लक्ष्यच न उरल्याने तोही वाया जातो. पत्ते तेच आणि खर्चही तोच असताना केवळ क्रम उलटल्याने एका डावात प्रतिस्पर्ध्याचा एक पत्ता फुकट जातो, तर दुसऱ्यात मालकाचे दोन पत्ते जातात. म्हणूनच संरक्षणाचा मंत्र संकट समोर येईपर्यंत हातात राखावा, ही या खेळातली पहिली शिकवण मानायला हवी.

स्टॅकवरचा मंत्र केव्हा लागू व्हायचा हे ‘प्रायॉरिटी’, म्हणजे कृती करण्याची पाळी, ठरवते. ती आधी ज्याची फेरी चालू आहे त्याच्याकडे असते, आणि सर्व खेळाडूंनी लागोपाठ पाळी सोडली की सर्वांत वरचा मंत्र, आणि तो एकच, लागू होतो. त्यानंतर पाळी पुन्हा फेरीच्या मालकाकडे येते. सगळा स्टॅक एका दमात रिकामा होतो असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे, कारण दोन मंत्रांच्या मध्येही नवा मंत्र टाकता येतो. मात्र एखादा मंत्र लागू होऊ लागला, की त्यावरील सूचना लिहिलेल्या क्रमाने पूर्ण होईपर्यंत कोणालाच मध्ये पडता येत नाही.

मंत्राची सर्व लक्ष्ये अवैध झाली असतील तर तो लागूच होत नाही, पण त्यांतले एक जरी वैध उरले असेल तर तेवढ्यापुरता तो चालतो. तसेच प्राण्याची एखादी क्षमता स्टॅकवर पोचल्यानंतर त्या प्राण्याला मारून ती थांबत नाही. या एका गैरसमजापायी वाया जाणारे मंत्र असंख्य आहेत. स्टॅकची ही रचना 1999 च्या सहाव्या आवृत्तीबरोबर आली, आणि त्यापूर्वीच्या अधिक किचकट नियमांतला ‘इंटरप्ट’ हा पत्त्यांचा स्वतंत्र प्रकार तेव्हाच मोडीत निघाला. त्यामुळे जुन्या पत्त्यावर छापलेल्या मजकुरापेक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेला आजचा अधिकृत मजकूर प्रमाण धरावा लागतो.

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी दोन-चार मित्रांचा गट हा खेळ खेळू लागला, तर वाद सोडवायला प्रशिक्षित पंच मिळणे अवघड, आणि नवखा खेळाडू बहुधा मोबाइलवरच्या ‘मॅजिक अरेना’मधून शिकून आलेला असणार. अरेनात स्टॅकचा सगळा हिशेब यंत्र ठेवते आणि उत्तर देण्याजोगे काही नसेल तेव्हा खेळाडूची पाळीही आपोआप सोडून देते, त्यामुळे पाळी सोडणे ही एक कृती आहे हेच तिथे शिकलेल्याच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्ष पट मांडल्यावर तो मंत्र टाकतो आणि समोरच्याला बोलण्याची उसंत न देता परिणाम मोजू लागतो. भांडणे सुरू होतात ती इथेच. अशा गटाने सुरुवातीचे काही डाव तरी मंत्राचे नाव आणि लक्ष्य मोठ्याने सांगून, पत्ते आलेल्या क्रमाने एकमेकांवर ठेवून आणि प्रत्येक पत्ता लागू करण्यापूर्वी समोरच्याला ‘उत्तर आहे का?’ असे विचारून खेळावेत. कंपनीचे विस्तृत नियमपुस्तक विनामूल्य उपलब्ध आहे, पण ते इंग्रजीत आणि फार मोठे असल्याने सगळे वाचण्याचा आग्रह धरू नये. पाळीसंबंधीचे 117 वे, स्टॅकविषयीचे 405 वे, मंत्र टाकण्याविषयीचे 601 वे आणि मंत्र लागू होण्याविषयीचे 608 वे कलम गटातल्या एकाने वाचून इतरांना मराठीत समजावून सांगावे.