जंग, कळक आणि कल्हई

तमिळनाडूतील कुंभकोणम हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्याला लोखंडासारखा जंग चढत नाही. लोखंडाचा पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन जंग बनतो. हा थर सच्छिद्र असतो. त्याचे पोपडे गळतात आणि आतील धातू पुन्हा उघडा पडतो. पितळेवरील थर मात्र चिकटून राहतो, म्हणून भांडे टिकते. परंतु त्यात आंबट पदार्थ ठेवल्यास तांबे विरघळते, अन्न कळकते व खाणाऱ्यास अपाय होतो. कथिलाची कल्हई हे रोखते. मत्तय 6:19 मध्ये प्रभूने नाशवंत संपत्तीविषयी बोलताना जंगाचा दाखला दिला आहे. बाहेरच्या चकाकीवर विसंबू नका. आतील कल्हई झिजली आहे काय, हे आधी पाहा.