घरून लॅबच्या सर्व्हरपर्यंत

गेल्या दिवाळीत गावी जाताना मी प्रोजेक्टचे सिम्युलेशन डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर चालू ठेवून गेलो. सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी रिव्ह्यू. रिझल्ट तिकडे, मी इकडे, आणि तो सर्व्हर कॉलेजच्या बाहेरून दिसत नाही. लॅबचे सर फोनवर म्हणाले, "अरे, वायरगार्ड टाक. तुझी चावी मी गेटवेवर चढवतो."

वायरगार्ड हा व्हीपीएनचाच एक प्रकार. मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलमध्येच आहे, त्यामुळे उबुंटूवर फक्त त्याची टूल्स टाकायची. मग दोन चाव्या बनवायच्या: खासगी आपल्याकडे, सार्वजनिक समोरच्याला. सरांनी गेटवेची सार्वजनिक चावी, त्याचा पत्ता, पोर्ट ५१८२० आणि बोगद्यातला माझा पत्ता १०.८.०.७ दिला. हे सगळे एका छोट्या फाइलीत जाते. (फाइलची परवानगी ६००. खासगी चावी रूममेटलाही दाखवायची नाही!)

सुरू केले. एकही एरर नाही. मी खूश, पण लॅबचा सर्व्हर ढिम्म.

गंमत अशी की वायरगार्डमध्ये 'कनेक्टेड' असे काही नसतेच. आपल्याकडे इंटरफेस उभा राहतो, बस. पलीकडे अनोळखी चावी पोचली तर गेटवे 'नाही' सुद्धा म्हणत नाही, गप्प बसतो. म्हणून आधी गेटवेला, म्हणजे १०.८.०.१ ला, पिंग करायचे आणि मग स्टेटसमध्ये 'लेटेस्ट हँडशेक' ही ओळ शोधायची. माझ्याकडे ती नव्हती. दोन तास हॉटस्पॉटला शिव्या घातल्या, मग ट्यूब पेटली. सरांना चावी पाठवल्यानंतर मी पुन्हा एकदा नवी जोडी बनवली होती! बिचाऱ्या सरांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी चावी चढवली आणि हँडशेक आला.

तरीही सर्व्हर मिळेना. गेटवे पिंगला उत्तर देतोय, त्याच्या मागचा १७२.१६.४.२० मात्र नाही. इथे दोष 'अलाउड आयपीज' या ओळीचा. नावावरून ती परवानगीची वाटते, आणि येणाऱ्या पॅकेटसाठी ती तशी आहेही. पण कोणते पॅकेट बोगद्यातून पाठवायचे हेही तीच ठरवते. मी तिथे फक्त १०.८.०.०/२४ लिहिले होते, त्यामुळे लॅबची पॅकेट हॉटस्पॉटवरून भलतीकडेच जात होती.

वैतागून ०.०.०.०/० लिहिले. सर्व्हर लगेच मिळाला, पण आता माझे सगळेच इंटरनेट कॉलेजमधून फिरून यायला लागले. धाकटा भाऊ माझ्या लॅपटॉपवर क्रिकेट बघत होता, तेही कॉलेजच्या लाइनीवरून! घाईघाईने ते काढून १०.८.०.०/२४ आणि १७२.१६.४.०/२४ एवढेच ठेवले.

रात्री साडेअकराला रिझल्टची फाइल उतरायला लागली. सरांना मेसेज केला. उत्तर आले, "आता फराळ कर."