पुरानंतर पाड्यावर काय पाठवावं?

प्रश्न : आमच्या मंडळानं तलासरीकडच्या पूरग्रस्त पाड्यांसाठी थोडे पैसे आणि पोतीभर जुने कपडे जमवलेत. वाटप कसं करावं? (एक वाचक, घोलवड)

उत्तर : कपडे राहू द्या. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे वापरलेल्या कपड्यांचे ढीग गेले. ते निवडण्यातच स्वयंसेवकांचा वेळ मोडला.

जुलैत भाताचं रोप वाहून गेलं असेल, तर पैसा बियाण्यात घाला. नवं रोप लावणीला यायला तीनेक आठवडे लागतात. त्याऐवजी हळव्या जातीचं बी भिजवून, मोड आणून थेट चिखलावर फेकतात. ही रहू पद्धत. पाड्यावर ती शिकवायला जाऊ नका, बी तेवढं वेळेत पोचवा. जात कुठली, ते कृषी सहाय्यकाला विचारा. उरलेल्या पैशांत ताडपत्री आणि टोप.

आणखी एक, कागद. पंचनाम्यात नाव नसेल तर सरकारी भरपाई अडते. सातबारा नसलेल्यांनी २००६च्या कायद्याखालचा वनहक्काचा दाखला तलाठ्यापुढे ठेवावा. भिजलेलं पासबुक, आधार पुन्हा काढायचं तर खेपा होतात, मजुरी बुडते. त्या दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं मंडळानं द्यावं. फोटोत दिसत नाही म्हणून हे सहसा कुणी देत नाही.