पोते उचलण्याची योग्य रीत

पेरणीच्या व मळणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बियाण्याची, खताची व धान्याची पोती वारंवार उचलावी लागतात. अशा वेळी कंबरेत उसण भरली तर ऐन हंगामात घरचे एक माणूस अंथरुणाला खिळते. पोते जड होते म्हणून असे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वजनाइतकेच पोत्याचे शरीरापासूनचे अंतरही महत्त्वाचे असते.

माणसाची कंबर ही एक तरफ होय. कमरेचे मणके हा तिचा टेकू. ओझे टेकूच्या पुढे असते. त्याला तोलून धरणारे स्नायू टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. ५० किलोचे पोते कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरल्यास स्नायूंना दहापट, म्हणजे ५०० किलोइतका जोर लावावा लागतो. तेच पोते २५ सेंटिमीटरवर आणल्यास हा जोर २५० किलोवर येतो. वाकलेल्या धडाचा भार यात धरलेला नाही. हा सारा दाब मणक्यांमधील चकत्यांवर पडतो. वाकलेल्या स्थितीत कंबर पिळल्यास चकतीला इजा होण्याचा धोका वाढतो.

म्हणून पुढील रीत पाळावी :

१. पोत्याच्या अगदी जवळ, पाय फाकवून उभे राहावे.
२. गुडघे वाकवावेत, पाठ शक्यतो सरळ ठेवावी.
३. पोते पोटाशी घट्ट धरून पायांच्या जोरावर, हिसका न देता उठावे.
४. वळताना कंबर न पिळता पावले टाकून वळावे.
५. पोती जमिनीऐवजी कमरेइतक्या उंच ओट्यावर किंवा फळीवर रचावीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोची मर्यादा सुचविली. ही कमाल मर्यादा आहे. रोजचे माप नव्हे. क्विंटलभराचे पोते एकट्याच्या पाठीवर कधीही देऊ नये. ते दोन पोत्यांत भरावे अथवा हातगाडीवरून न्यावे. पाणी वाहताना एकाच हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत निम्मा-निम्मा भार घ्यावा. कावडीत हेच तत्त्व आहे.

कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या येऊ लागल्यास किंवा पाय लुळा पडू लागल्यास डॉक्टरांस दाखवावे. लघवीवरील ताबा गेल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

ग्रामसेवकांनी बैठकीत एक साधे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पाण्याने भरलेली कळशी प्रथम छातीशी, नंतर हात लांब करून धरावयास सांगावी. कळशी तीच, पाणी तेवढेच. तरीही दुसऱ्या वेळी ती लवकर खाली ठेवावी लागते. या अनुभवावरून तरफेचा नियम शेतकरी बंधू-भगिनींच्या सहज ध्यानी येईल.